मासे थव्याने का पोहत नाहीत?

घरी येणारे पाहुणे टाकीसमोर पाचेक मिनिटे रेंगाळले की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो: "हे थव्याने राहणारे मासे ना? मग असे विखुरलेले का?" ज्यांनी स्वतः निऑन टेट्रा पाळले आहेत, ते हेच काळजीच्या सुरात विचारतात, कारण दुकानात एकमेकांना चिकटून फिरणारे मासे घरी आल्यावर काही दिवसांत पांगतात आणि आपलेच काहीतरी चुकले असे त्यांना वाटू लागते. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. मासे नीट खात असतील, रंग टवटवीत असेल, तर पांगण्याचा अर्थ एवढाच की त्यांची भीती गेली आहे.

निऑन टेट्रा हा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा मासा. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ज्या ओढ्यांत तो राहतो, तिथे त्याला गिळू शकणारे पुष्कळ आहेत. घोळक्यात राहिले की शिकाऱ्याला एकच मासा हेरून त्याच्यावर नजर ठेवणे अवघड जाते, शिवाय एकाला धोका जाणवला की तो सगळ्यांना कळतो. डोळ्यांच्या जोडीला माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पार्श्वरेषा असते. शेजारच्याने शेपटी हलवली की पाण्यात उठणारी हालचाल ती टिपते. सगळ्यांची तोंडे एका दिशेला वळलेला तो सुंदर, दाट थवा म्हणजे खरे तर बचावाची फळी असते.

पाणी बदलताना मी टाकीत हात घालतो तेव्हा हे अगदी स्पष्ट दिसते. इकडेतिकडे टिपत फिरणारे बाराही निऑन डोळ्याचे पाते लवण्याआधी मागच्या कोपऱ्यात गोळा होतात. हात बाहेर काढल्यावर बराच वेळ ते तसेच राहतात. मग एखादा धीट मासा सुटून शेवाळात काहीतरी चाचपू लागतो, त्याच्यामागे दुसरा जातो, आणि थवा हळूहळू विरतो.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की मग दोन-तीन मासेही पुरतील. ही चूक मी केलेली आहे. पहिल्यांदा चारच निऑन आणले, आणि ते दिवसभर फिल्टरच्या आडोशाला फिक्या रंगात बसून राहिले. मी पाणी तपासले, हीटर तपासला, खाणे बदलले. कशातच खोट नव्हती. दोन आठवड्यांच्या अंतराने चार-चार असे आणखी आठ आणले, तेव्हा कुठे आधीचे चौघे पुढच्या काचेपर्यंत येऊ लागले. सगळे एकदम न आणण्याचे कारण असे की माशांच्या विष्ठेतून व श्वसनातून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला वेळ लागतो. किमान सहा मासे ठेवावेत असे सर्वत्र सांगितले जाते. माझ्या मते सहा ही तडजोड आहे, दहा-बारांत त्यांचा स्वभाव दिसतो. टायगर बार्बच्या बाबतीत तर संख्येची काटकसर इतर माशांना भोवते: थोडेच असले तर ते शेजाऱ्यांचे पर कुरतडतात, मोठ्या घोळक्यात असले तर बरेचसे आपसांतच भांडून मोकळे होतात.

थवा दिसावा म्हणून टाकीत एखादा मोठा मासा सोडण्याचा सल्लाही दिला जातो, आणि त्यासाठी बहुधा एंजलफिशचे नाव पुढे येते. थवा दिसेल हे खरे. पण पूर्ण वाढलेला एंजलफिश निऑन सहज गिळतो, तेव्हा रोज सकाळी मोजदाद करण्याची तयारी ठेवावी. मोजदाद दिवा लागल्याबरोबर मात्र करू नये, कारण रात्री निऑनची निळी रेघ विझल्यासारखी होते आणि उजळायला तिला थोडा वेळ लागतो. नवखा माणूस त्या फिकट माशांना आजारी समजतो.

थवाच पाहायचा असेल, तर न घाबरवताही तो पुष्कळदा दाखवणारा मासा म्हणजे लाल तोंडाचा रमीनोज टेट्रा. त्याला उंच टाकीपेक्षा लांब टाकी द्यावी, शक्यतो नव्वद सेंटिमीटर किंवा अधिक, आणि डझनभर तरी मासे असावेत. पाणी बिघडले की त्यांच्या तोंडाचा लाल रंग उतरतो, हा आणखी एक फायदा. ते एका टोकाच्या काचेपर्यंत एकत्र जातात, तिथे सगळे एकाच वेळी वळतात, आणि परतीच्या वाटेवर सर्वांत मागे असलेला मासा सर्वांत पुढे असतो.