एक सलाईन तरी लावा की

आज तासगाव साईडला होम व्हिजिट होती. आज्जी तोंडाच्या कॅन्सरच्या, आयुष्यभर मिश्री लावलेली, आता घोटभर पाणीही खाली जाईना. आम्ही पोचेपर्यंत सगळी भावकी गोळा झालेली आणि थोरल्यानं बसायच्या आधीच विषय काढला, "सिस्टर, पोटात काय न्हाई तिच्या, एक सलाईन तरी लावा की."

हे प्रत्येक घरात होतं. आपल्याकडं सलाईन म्हणजे ताकद. पण ५०० मिलीच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे सलाईन म्हणून लावतात त्या साखरपाण्याच्या बाटलीत, साखर असते २५ ग्रॅम, चहात टाकतो तसे पाच-सहा चमचे, बस्स. आणि शेवटी शेवटी किडनी साथ देत नाही, मग ते पाणी पायावर उतरतं, छातीत साठतं, घरघर वाढते, ती बघून घरचे अजून घाबरतात. हे सगळं मी सांगितलं. तर एक चुलते म्हणाले, "मग उपाशी मारायची व्हय तिला?"

यावर काय बोलणार. भूक आता तिची राहिलीच नाहीये, ती या सगळ्यांची आहे, असं मला वाटतं, पण हे तोंडावर म्हणायचं नसतं.

मी थोरल्यालाच वाटीत पाणी आणायला लावलं, गॉजचा बोळा बोटाला गुंडाळून ओठ, जीभ, गालाच्या आतून हळू कसं पुसायचं ते दाखवलं, ठणका आहे त्या बाजूला हात नाही लावायचा, वरून व्हॅसलिन, दर तासा-दीड तासानं. कारण तहान म्हणजे बरंचसं कोरडं तोंडच असतं. तो करायला लागला आणि चुलते गप्प झाले. हाताला काम पाहिजे असतं माणसाला.

खरी गडबड मॉर्फिनची, म्हणजे दुखणं थांबवायच्या औषधाची होती. गोळी दर चार तासांनी द्यायची असते, पण सून ती आज्जी कळवळल्या की मगच देत होती, का तर सवय लागंल! या अवस्थेत कसली सवय ओ. आता गिळताच येत नाही म्हणून डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी कातडीखालून द्यायला सांगितलं, बारीक बटरफ्लाय सुई लावून आले. वेळा सुनेकडून कॅलेंडरवर लिहून घेतल्या, झोपल्या असल्या तरी डोस चुकवायचा नाही हे दोनदा बजावलं.

धाकटा पुण्याहून निघालाय म्हणे. त्याची गाठ माझ्याआधी थोरल्याशी पडू दे.