पेरुनाची गच्छंती

इसवी सन ९८० मध्ये व्लादिमिर राजाने कीव येथील आपल्या वाड्याबाहेरच्या टेकडीवर स्लाव लोकांच्या मेघगर्जनेच्या देवाची, पेरुनाची, लाकडी मूर्ती उभारली. तिचे मस्तक चांदीचे आणि मिशा सोन्याच्या होत्या. आठच वर्षांनी राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तीच मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून, वर बारा जणांकरवी काठ्यांचा मार देत, फरफटत नेऊन नीपर नदीत ढकलून दिली. लाकडाला वेदना होतात म्हणून नव्हे, तर त्यातल्या सैतानाची नाचक्की व्हावी म्हणून हा मार दिला, असा खुलासा जुना बखरकार आवर्जून करतो. मला मात्र या खुलाशात धाकधूकच अधिक जाणवते.

देव बुडाला, पण स्लाव भाषांच्या बोलण्यातून त्याचे नाव गेले नाही. पोलिश भाषेत ‘प्योरुन’ म्हणजे कडाडून कोसळणारी वीज, आणि इमारतीवरच्या वीजरोधकाला तिथे ‘प्योरुनोख्रोन’ म्हणतात. म्हणजे ज्याच्यापासून बचाव करायचा, त्याचेच नाव त्या सळईला चिकटले आहे. स्लोव्हाक भाषेत तो ‘पारोम’ होऊन शिव्याशापांत उतरला. कामे अडवून उशिरा उगवलेल्या माणसाला ‘कुठे होतास, दो पारोमा?’ असे तिथे विचारतात, त्यात आपल्याकडच्या ‘मुडदा बशिवला तुझा’ची सगळी चीड आणि थोडी मायाही असते. सर्बियन आणि बल्गेरियन भाषांत ‘पेरुनिका’ हे आयरिसच्या फुलाचे नाव आहे. जर्मनीत एल्ब नदीकाठी बोलली जाणारी, अठराव्या शतकात लोपलेली पोलाबियन भाषा तर गुरुवारालाच पेरुनाचा वार म्हणत असे.

गडगडाटाचे खाते पुढे संत इल्याकडे, म्हणजे बायबलातल्या एलियाकडे, आले. आभाळात गडगडले की त्याचा अग्निरथ धावतो, असे खेड्यापाड्यांतले लोक म्हणू लागले. ही व्यवस्था मला मोठी व्यवहारी वाटते, कारण राजा बदलला तरी पावसाळी ढग गडगडायचे थांबत नाहीत, आणि त्यांचा जाब विचारायला कुणीतरी लागतोच.

या नावाच्या मुळाशी ‘प्रहार करणे’ या अर्थाचा धातू आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लिथुआनियाचा गडगडाटाचा देव पेर्कूनास त्याचा जवळचा नातलग असला, तरी ‘पेर्कूनास’मधल्या ‘क’मुळे दोन्ही नावांची नेमकी सोयरीक जुळवताना पंडितांची दमछाक होते. ऋग्वेदातला पर्जन्यही याच गोतावळ्यातला असावा, असे काहींनी सुचवले आहे आणि इतरांनी ते खोडूनही काढले आहे. ऋग्वेदात गर्जना करीत दुष्टांना मारणारा हा देव आपल्याकडे आता ‘पर्जन्यमान’ या शब्दात मिलिमीटरने मोजला जातो.