रावपुऱ्यातला बंद रविवार

बडोद्यात रावपुऱ्याच्या एका गल्लीत माझ्या थोरल्या भावाचे मॅचिंग सेंटर आहे. वडिलांनी सुरू केलेल्या या दुकानात ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस आणि गोंडे मिळतात, आणि गेली चाळीसएक वर्षे रविवारी ते बंद असते. यंदा दिवाळीनंतर गल्लीतल्या दुकानदारांमध्ये रविवारी दुकाने उघडावीत की नाही, अशी चर्चा सुरू झाली. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या नोकरीत मी असल्यामुळे क्षणाचाही विचार न करता म्हणालो, ‘‘उघडावीत.’’ त्यावर दादाने विचारले, ‘‘तुला रविवारी वेळ असतो म्हणून मी रविवारी गल्ल्यावर बसू काय?’’ तेव्हा मला उत्तर सुचले नाही. पुढचे काही आठवडे मात्र हा विषय डोक्यातून गेला नाही.

उघडण्याच्या बाजूचा युक्तिवाद सोपा आहे. मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड या भागांत राहणारी, नवरा-बायको दोघेही नोकरी करणारी कुटुंबे आठवड्याच्या मधल्या दिवशी रावपुऱ्यात येऊ शकत नाहीत. संध्याकाळी सातनंतर यायचे, तर गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जातो. गोरव्याचा मॉल रविवारीच सर्वाधिक भरतो. ज्या दिवशी गिऱ्हाईक मोकळे असते नेमका तोच दिवस आपण बंद ठेवायचा आणि मग बाजार ओस पडत चालल्याची तक्रार करायची, यात विसंगती आहे.

परंतु जुन्या शहरातला बाजार सुट्या दुकानांचा बनलेला नसतो, ही गोष्ट माझ्यासारख्या बाहेरून बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. साडी एका दुकानात घेतली जाते, तिच्याशी जुळणारा ब्लाउजपीस दादाकडे येतो, हवी ती छटा मिळाली नाही तर कापड रंगाऱ्याकडे जाते, फॉल-पिको कोपऱ्यावरच्या मशिनवर होते आणि शेवटी सगळे शिंप्याकडे पोहोचते. ही साखळी आहे. साडीवाला बंद असताना मॅचिंगवाल्याने दुकान उघडले, तर विजेचे बिल वाढण्यापलीकडे काही होत नाही. कोरोनानंतरच्या वर्षी दादाने सलग पाच रविवार हा प्रयोग करून पाहिला होता. त्यातल्या एका रविवारी दिवसभरात तीन गिऱ्हाइके आली आणि त्यांपैकी दोघींनी समोरचे दुकान केव्हा उघडेल एवढेच विचारले, हे तो आजही मोठ्या चवीने सांगतो.

कायद्याची बाजू मी मुद्दाम पाहिली, कारण गल्लीत अजूनही ‘गुमास्ताधारा (म्हणजे दुकाने-आस्थापनांचा कायदा) रविवारी दुकान उघडू देत नाही’ असे म्हणणारे आहेत. ते खरे होते, पण पूर्वी. १९४८ च्या जुन्या मुंबई कायद्यानुसार दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे बंधनकारक होते आणि गुजरातेत तोच कायदा पुढे चालत राहिला. १ मे २०१९ पासून लागू झालेल्या गुजरातच्या नव्या कायद्याने वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली, आणि सुट्टी दुकानापासून सोडवून कामगाराला जोडली: दुकान रोज उघडे राहिले तरी चालेल, कामगाराला मात्र आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाचे दुप्पट वेतन मिळाले पाहिजे. वाचायला ही व्यवस्था न्याय्य वाटते. अडचण अशी, की कायदा आला तेव्हा त्याची बहुतेक कलमे दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या दुकानांपुरतीच होती. दादाकडे दोन माणसे आहेत. त्यांना आजवर सुट्टी मिळाली ती शटर बंद होते म्हणून.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही एक कारण पुढे केले होते, असे सांगतात. १० जून १८९० रोजी ती मागणी मान्य झाली. आमच्या शहरातल्या सर्वांत रुबाबदार बाजाराचे नाव खंडेराव मार्केट आहे. अर्थात ते नाव देवाचे नसून खंडेराव महाराज गायकवाडांचे, पण खंडोबाच्या वारी खंडेराव मार्केटच्या मागे भाजी घेताना मला या जुळणीचे हसू येतेच.

दादाकडच्या दोघांपैकी एकजण रोज पादऱ्याहून बसने येतो. त्याला मी विचारले, की रविवारऐवजी मंगळवारी सुट्टी दिली तर चालेल का. तो म्हणाला, ‘‘साहेब, मंगळवारी मुलं शाळेत असतात.’’ चोवीस तासांच्या बदल्यात चोवीस तास हा हिशेब कागदावर बरोबर सुटतो, घरात सुटत नाही. तरीही त्याने साफ नकार दिला नाही. लग्नसराईत रविवारची दुप्पट हजेरी मिळणार असेल तर आपली तयारी आहे, वर्षभर नको, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या सगळ्या चर्चेत मला तेच सर्वांत शहाणपणाचे वाटले.

आणखी एक पक्ष या चर्चेत कोणी बोलावलेला नव्हता. रविवारी बंद शटरांपुढे पथारावाले बसतात, कोणी मुलांचे कपडे घेऊन, कोणी प्लास्टिकचे डबे घेऊन. दुकाने उघडली तर त्यांना उठावे लागेल. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे हे खरे, पण गल्लीतल्या बैठकीत त्यांचा उल्लेख ‘अडचण’ एवढाच झाला.

या सगळ्यानंतर माझे मत बदलले आहे, उलटले मात्र नाही. दुकाने रविवारी उघडावीत, पण वर्षाचे सगळे रविवार नव्हेत. नवरात्रीपूर्वी नवा बाजार आणि उत्तरायणापूर्वी पतंगांचा बाजार रविवार पाहत नाही, आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. त्याच न्यायाने आमच्या गल्लीने लग्नसराईचे रविवार धरावेत. कमुरत्यात, म्हणजे साधारण मध्य डिसेंबरपासून उत्तरायणापर्यंत, गुजराती घरांत लग्ने नसतात, आणि चातुर्मासातही नसतात, तेव्हा शटर खालीच राहू द्यावे. उघडायचे तेही दुपारी चारनंतर, कारण वैशाखातल्या बडोद्यात त्याआधी रस्त्यावर कोणी येत नाही, आणि नोकरमाणसाला निदान अर्धा दिवस घरी मिळतो. पथारावाल्यांना चारपर्यंतची जागा तशीच राहावी.

दादाने हे ऐकून घेतले आणि मला न सांगता गल्लीत मांडलेही. रंगारी, पिकोवाला आणि दोन लहान दुकानदार तयार आहेत. कोपऱ्यावरच्या साडीच्या मोठ्या दुकानाच्या मालकांनी उत्तरायणानंतर सांगतो म्हटले आहे. ते हो म्हणेपर्यंत दादा शटर उघडणार नाही, आणि आता मीही त्याला तसा आग्रह करत नाही.