अरिमात्सु: नागोयाजवळचं बांधणीचं गाव

जपानमधल्या नागोया स्टेशनवरून मेइतेत्सु रेल्वेने अरिमात्सु साधारण वीस मिनिटांवर आहे. काही जलद गाड्या इथे थांबत नाहीत, म्हणून फलकावरचे थांबे पाहूनच चढा. स्टेशनाबाहेर पडलं की तोकाइदो, म्हणजे एदो (आजचं टोकियो) ते क्योतो हा जुना हमरस्ता, लगेच लागतो. १६०८ मध्ये वसलेल्या या गावात शेतीला जमीन अपुरी होती, म्हणून लोक वाटसरूंना बांधणीचे सुती पंचे विकू लागले. १७८४ च्या आगीनंतर गवती छपरं जाऊन कौलं आली. ती घरं बघायला संध्याकाळही चालेल. आधी शिबोरी काइकान, म्हणजे बांधणीचं (जपानीत शिबोरी) दालन, गाठा, कारण प्रात्यक्षिकं दुकानं मिटण्याआधीच थांबतात.

वरच्या मजल्यावर कारागीर बायका बांधून दाखवतात. तिथे हाताकडे बघा. कापडावर नक्षी आधीच निळ्या खुणांनी उमटवलेली असते. त्या पाण्याने निघून जातात. 'कुमो' (कोळी) या प्रकारात कापड आकड्यात अडकवून चुण्या घालतात आणि बुडापासून टोकापर्यंत दोरा गच्च गुंडाळतात. वेढा सैल पडला की रंग आत झिरपतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पुसट होतात. 'मिउरा' या दुसऱ्या प्रकारात गाठच नसते, दोऱ्याचा एकेरी फास नुसत्या ताणावर टिकतो. म्हणून तिचे ठिपके मऊ कडांचे येतात, आणि उसवायलाही ती सोपी. एका घरात बहुधा एकच प्रकार बांधतात, त्यामुळे अनेक नक्षींचं कापड घरोघरी फिरतं. भारी किमोनोला कित्येक महिने लागतात ते यामुळेच.

स्वतः करायचं असेल तर 'सेक्का' (हिमफूल) हा घड्या घालून रंगवायचा प्रकार निवडा. कापडाच्या उभ्या, सारख्या रुंदीच्या घड्या घाला, मग ती पट्टी समोशासारखी त्रिकोणात आलटून पालटून दुमडा. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या लावून घट्ट बांधा, पाण्यात भिजवा, पिळा आणि फक्त कडा रंगात टेकवा. कोरडं कापड रंग थेट मध्यापर्यंत ओढतं आणि पांढरी फुलं उमटतच नाहीत. घडी तिरकी गेली तर एका बाजूची फुलं मोठी, दुसरीकडची चेपलेली येतात. बुकिंग करताना रंगकाम त्याच दिवशी होतं का ते विचारा. काही ठिकाणी तुम्ही नुसतं बांधता, रंगवलेलं कापड नंतर टपालाने येतं.

खरेदी करताना कापड उलटून बघा. छापील नक्षी मागे फिकट असते, दोन ठिपके हुबेहूब सारखे असतात. खऱ्या बांधणीत चुण्यांचा उठाव आणि कुठे कुठे सुईची भोकं दिसतात. तो उठाव इस्त्रीने मारू नका, आणि निळीचं कापड सुरुवातीला वेगळंच धुवा.