सव्वीस तास उभा ट्रॅक्टर, हिशोबात दोन तास

गेल्या हंगामात काकांच्या ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांचा हिशोब मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत घ्यायला लागलो. आमचं गाव लातूर जिल्ह्यात. साखर कारखान्याच्या गेटवर नंबर लागल्याची वेळ आणि रिकाम्या वजनाच्या पावतीची वेळ, दोन्ही भरायच्या आणि वजाबाकी करायची. यार्डात गाडी जितकी जास्त उभी, तितका ऊस वाळतो आणि वजन घटतं, म्हणून हा आकडा काकांना हवा होता. प्रोग्राम एका संध्याकाळीच झाला. पुढचे चार दिवस मात्र एकाच ओळीने खाल्ले.

एका खेपेला उत्तर आलं, दोन तास दहा मिनिटं. ड्रायव्हर भडकलाच. "दोन तास? परवा रातच्याला नंबर लावला, काल रातभर थंडीत काढली. कामून खोटं लिव्हता?" मला वाटलं, वेळ चुकीची भरली असेल. खात्रीसाठी एक्सेलमध्ये वजाबाकी केली, तिथंही 2:10! दोन साक्षीदार एकच सांगतायत म्हटल्यावर मी त्या माणसालाच खोटं ठरवलं. त्याची अजून लाज वाटते.

दोघेही साक्षीदार पूर्ण दिवस गिळून बसले होते. दोन वेळांची वजाबाकी केली की पायथन टाइमडेल्टा देतो, आणि तो कालावधी तीनच खणांत ठेवतो: दिवस, सेकंद आणि मायक्रोसेकंद. सेकंदाच्या खणात 86399 च्या वर काही मावत नाही, वरचं सगळं दिवसाच्या खणात जातं. 26 तास 10 मिनिटं म्हणजे 1 दिवस आणि 7800 सेकंद. मी नुसतं 'सेकंड्स' वाचत होतो, म्हणजे फक्त वरचे दोन तास दहा मिनिटं. वाचायचं होतं 'टोटल सेकंड्स', ते 94200 देतं. पायथन 2.7 पासून ते आहे, मी शोधलंच नाही. नाव एवढं साळसूद ठेवल्यावर माणूस फसणार नाही तर काय? एक्सेलमध्ये वेळेच्या फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर चौकोनी कंसात, [h] असं टाकलं की 24 च्या पुढचे तास दिसतात.

आधी सांगायचं राहिलं: उणे कालावधी आला की थांबा. एकदा पावत्या उलट्या भरल्या गेल्या. उणे पाच तास यायला हवे होते, तर खणांत उणे एक दिवस आणि 68400 सेकंद, म्हणजे एकोणीस तास. आणि यार्डात एकोणीस तास कुणालाही खरेच वाटतात! आता उत्तर उणे नाही ना, हे तपासल्याशिवाय मी काही साठवत नाही.

उचलीची मुदत महिन्याने मोजायची असेल तर टाइमडेल्टाच्या नादी लागू नका. महिना त्यात नाहीच, कारण तो कधी 28 दिवसांचा, कधी 31 चा.

दुरुस्त कागद ड्रायव्हरला दाखवला: 26 तास 10 मिनिटं. त्यानं दोनदा बोट फिरवून वाचला.

"आता बरुबर. मधी जेवाया गेलतो, त्ये कापू नको म्हंजे झालं."