माती, भट्टी, काच : आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला तो ग्लेझच्या, म्हणजे मातीच्या भांड्यावर चढणाऱ्या चकचकीत थराच्या, छोट्या पिशव्यांपासून. त्याला लागणारी फेल्डस्पार, काओलिन (पांढरी चिनी माती), सिलिका (गारेची पूड) ही खनिजं सगळी मिळायची, पण कारखान्याच्या हिशेबाने पोत्यात, आणि घरी छोटी भट्टी घेतलेल्या नवीन माणसाला २५ किलोचं पोतं घेऊन करायचं काय, म्हणून आम्ही किलो-किलोच्या पिशव्या भरायला लागलो, एवढीच ती कल्पना होती.

पण पिशव्या जायला लागल्या तसे फोन यायला लागले, आणि खरं काम तिथून सुरू झालं. कोणी विचारायचं ग्लेझ वाहून भट्टीतल्या शेल्फला चिकटलं, कोणी म्हणायचं कपावर बारीक भेगांचं जाळं आलंय, कोणाचं ग्लेझ गोळा होऊन मधे उघडी माती दिसायची. मग लक्षात आलं की लोकांना माल मिळतोय, पण त्या मालाचं करायचं काय हे कोणी सांगत नाहीये. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पिशवीवर कोनचा (भट्टीत ठेवायचा छोटा सुळका, ठरावीक उष्णतेला वाकतो) नंबर असतो, पाणी किती घालायचं ते असतं आणि कोणत्या मातीवर चालेल तेही असतं.

नवीन माणसाला आम्ही पहिल्यांदा हेच समजावतो की ग्लेझ म्हणजे रंग नाही, ती मातीवर वितळवलेली काच आहे. काच होते सिलिकाची, पण शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं आणि आपली भट्टी तिथपर्यंत जात नाही, म्हणून फेल्डस्पार, व्हायटिंग (खडूची पूड) किंवा बोरॉनचं फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) असे फ्लक्स घालून वितळणं खाली आणायचं, आणि काओलिनमधली अ‍ॅल्युमिना त्या काचेला घट्ट ठेवते, नाहीतर उभ्या भांड्यावरून ती सरळ खाली ओघळेल. हे तिघांचं नातं डोक्यात बसलं की बादलीत काय चाललंय ते कळायला लागतं.

सुरुवातीला एकच माती, एकच पारदर्शक ग्लेझ आणि भरपूर टेस्ट टाइल्स घ्या असं आमचं ठाम मत आहे, मग समोरचा बारा रंग मागत असला तरी आम्ही आधी हेच बोलतो. बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, साधारण १००० अंशावर काढा, तुकडा ओल्या स्पंजने पुसून धूळ घालवा, कारण धूळ किंवा हाताचं तेल राहिलं की ग्लेझ तिथून सरकतं. ग्लेझ ८० मेशच्या चाळणीतून गाळा आणि १०० मिली मोजून वजन करा, १४५ ग्रॅमच्या आसपास भरलं तर बहुतेक डिपिंगला (भांडं ग्लेझमध्ये बुडवायला) ठीक. तीनेक सेकंद बुडवायचं आणि बाहेर. बुडाला मेण लावायचं किंवा तळ पुसून काढायचा, शेल्फला अ‍ॅल्युमिना आणि काओलिनचा किल्न वॉश (ग्लेझ चिकटू नये म्हणून पातळ लेप) द्यायचा. आणि कोन ठेवायचाच, मीटर फक्त तापमान सांगतो, कोन सांगतो की उष्णतेने प्रत्यक्ष काम किती केलं. कोन ६ म्हणजे साधारण १२२० ते १२४० अंश, पण भट्टी किती वेगाने चढली त्यावर ते बदलतं.

भेगांच्या जाळ्याचं कारण मात्र नीट बघावं लागतं. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की त्यावर ताण येतो आणि ते तडकतं, म्हणजे क्रेझिंग. यावर जास्त पातळ लावणं वगैरे वरवरचे उपाय लोक करतात, पण रेसिपीत सिलिका थोडी वाढवली आणि सोडा-पोटॅश कमी केले तर आकसणं मुळातूनच कमी होतं.

काही गोष्टी आम्ही ठेवतच नाही. शिशाचं ग्लेझ नाही, आणि नवशिक्यांच्या यादीत बेरियम कार्बोनेट नाही. पावडर मिसळताना चांगला मास्क लागतोच, सुती रुमाल चालत नाही, आणि फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात साचत राहते, ती परत बाहेर काढता येत नाही.

काचेकडे आम्ही गेलो ते ग्लेझमधूनच. फुंकलेल्या काचेची कला कारखान्यातून एकट्या कलाकाराच्या हातात आणणाऱ्यांत हार्वे लिटलटन यांचं नाव मोठं आहे आणि ते मुळात सिरॅमिक्सचे शिक्षक होते. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडोच्या आर्ट म्युझियमच्या आवारात त्यांनी छोट्या भट्टीवर वर्कशॉप घेतलं, तिथे काचेसाठी आधी केलेलं मिश्रण नीट जमेना, तेव्हा काचेचे जाणकार डॉमिनिक लॅबिनो यांनी तयार काचेच्या गोट्या वितळवायला सुचवलं आणि काम पुढे सरकलं. आमच्यासारख्या छोट्या जागेवाल्यांना हे वाचून खूप धीर आला.

तरी नवीन माणसाला आम्ही काच फुंकायची मोठी भट्टी घ्यायला सांगत नाही. ती ११०० अंशाच्या आसपास दिवसरात्र चालू ठेवावी लागते, फुंकायची नळी, पंटी (काच धरायची भरीव सळई), जॅक्स (आकार द्यायचा मोठा चिमटा), मार्व्हर (काच लोळवायचा सपाट पाट), पाण्यात भिजवलेले लाकडी ब्लॉक, ओल्या वर्तमानपत्राची घडी हे सगळं लागतं, आणि पहिले कित्येक तास नळी सतत फिरवत राहायला शिकण्यातच जातात, थांबलात की काच खाली लोंबते. हे चालू स्टुडिओत जाऊन, जाणकाराच्या शेजारी उभं राहून शिका. घरी करायचं तर गॅसच्या ज्योतीच्या टॉर्चवर काचेच्या कांड्या वितळवण्यापासून सुरुवात, हवा खेळती, आणि डोळ्यावर डिडिमियमचा चष्मा, तो सोडियमची पिवळी ज्योत अडवतो म्हणून काच स्पष्ट दिसते.

कांड्यांच्या पाकिटावर आम्ही प्रसरणाचा (तापल्यावर काच किती फुगते त्याचा) आकडा मोठा छापतो, १०४, ९६ किंवा ३३, कारण ३३ ची बोरोसिलिकेट आणि १०४ ची मऊ काच एकत्र जोडली तर थंड होताना ती तडकणारच. इथेही तीच ग्लेझची गोष्ट आहे. आणि अ‍ॅनीलिंग सोडायचं नाही, म्हणजे आतला ताण जावा म्हणून मऊ काच ५०० अंशाच्या जवळपास धरून मग हळूहळू खाली आणायची. व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणारे हलके खनिजाचे दाणे) पुरून ठेवलं की झालं असं बरेच जण मानतात, पण त्याने फक्त थंड होणं लांबतं, आतला ताण तसाच राहतो. म्हणून अलीकडे आम्ही कांड्यांच्या किटमध्ये दोन पोलरायझिंग फिल्म द्यायला लागलोय, दोन्ही आडव्या-उभ्या धरून मधे मणी ठेवा आणि मागून उजेड टाका, जिथे ताण असेल तिथे उजळ पट्टे दिसतील.