आधी काय, मग काय

मंगळवार, रात्री उशिरा

शुक्रवारी इमर्जन्सी मेडिसिनची कोमॅट, म्हणजे त्या विषयाची परीक्षा, आहे आणि आज शिफ्टवरून आले तर पायांचे नुसते तुकडे पडलेत. तरी लॅपटॉप उघडलाच. 125 प्रश्न, अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही, आणि त्यात पेशंटची अख्खी कुंडली मांडलेली असते, सिगारेटी किती, दारू किती, मागच्या महिन्यात कुठे फिरून आला, आणि शेवटी विचारतात काय तर पुढची स्टेप कुठली.

मी मिशिगनमध्ये डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी, करतेय. म्हणजे इथली पूर्ण डॉक्टरकीच, औषधं, सर्जरी, आयसीयू सगळं, वर साधारण 200 तास हाताने तपासायचं आणि उपचार करायचं शिक्षण. मामाला हे कितीही वेळा सांगितलं तरी त्याच्या लेखी मी हाडवैद्यच होणारे, गणपतीत व्हिडिओ कॉल केला की आरतीच्या आधी स्वतःचा गुडघा दाखवतो.

तर आजचं लिहून ठेवते. एक काका आले, डायलिसिस चुकलेलं, गाडी बंद पडली म्हणून गेलेच नाहीत. अंगात त्राण नाही म्हणत होते. ईसीजी काढला तर टी वेव्ह, म्हणजे ठोक्यानंतरच्या लाटा, तंबूसारख्या उंच आणि क्यूआरएस, म्हणजे ठोक्याचा मुख्य भाग, चांगला रुंद. अटेंडिंगने, म्हणजे ड्यूटीवरच्या मोठ्या डॉक्टरांनी, विचारलं काय वाटतं, मी लगेच हायपरकलेमिया, रक्तात पोटॅशियम वाढलंय, म्हणून मोकळी. ते म्हणाले बरोबर आहे, पण आधी काय देशील? लॅबचा आकडा यायचा होता, मी त्याचा विचार करत होते तोवर नर्सच्या हातात कॅल्शियम ग्लुकोनेट तयारसुद्धा होतं. गंमत म्हणजे कॅल्शियमने पोटॅशियम जराही कमी होत नाही, ते फक्त हृदयाला थोडा वेळ सांभाळून घेतं. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायचं, आणि अंगाबाहेर काढायचं तर शेवटी डायलिसिसच. कॅल्शियम गेल्यावर काही मिनिटांत मॉनिटरवरचे ते रुंद ठोके बारीक होत जाताना मी बघत उभी होते, काका मात्र कॅन्टीन कधी उघडतं ते विचारत होते.

बुधवार

सुट्टी होती, दिवसभर प्रश्न सोडवले. एक कळलंय, या परीक्षेत निदान बऱ्याचदा दुसऱ्या ओळीतच समजतं, मार्क जातात ते क्रमात. टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत फुप्फुसाबाहेर हवा कोंडून दाब वाढलेला, आहे हे शेंबडं पोरही ओळखेल, पण पर्यायांत छातीचा एक्सरे असतो आणि तो निवडला की मेला पेशंट. आधी सुई, ती हवा सोडायला. त्यातही सुई कुठे, तर आमचे जुने सिनियर अजून बरगड्यांमधली दुसरी फट सांगतात, कॉलरबोनच्या मध्याखाली, आणि एटीएलएसने, म्हणजे अपघातातल्या जखमींच्या उपचारांच्या कोर्सने, 2018 मध्ये मोठ्या माणसांसाठी ती चौथ्या-पाचव्या फटीत, काखेच्या बाजूला नेली. पोटात दुखतंय आणि बाई तरुण आहे, आधी प्रेग्नन्सी टेस्ट, ती काहीही म्हणो. स्ट्रोकसारखं दिसतंय, आधी बोटाला टोचून शुगर बघा. अंगावर पित्त उठलंय आणि श्वासही लागलाय, मांडीत एपिनेफ्रिन, अॅलर्जीच्या गोळ्या नंतर.

मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाच्या, प्रश्नाला मात्र जरा थांबले. ताप, मान आखडलेली, माणूस भ्रमात. सीटी करायचाय, पाठीतून पाणी काढायचंय, पण त्यासाठी खोळंबायचं नाही, ब्लड कल्चर घ्या आणि डेक्सामेथासोन, अँटिबायोटिक सुरू करा. ऑस्टिओपॅथी ज्याने काढली त्या अँड्र्यू टेलर स्टिलची तीन मुलं 1864 मध्ये मेनिंजायटिसनेच गेली. तो स्वतः डॉक्टर. तेव्हाच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला, 1874 मध्ये त्याने आपली वेगळी वाट जाहीर केली आणि 1892 मध्ये मिझुरीत, किर्क्सव्हिलला, पहिलं कॉलेज काढलं. आणि आज त्याच्याच परंपरेतल्या परीक्षेत त्याच आजाराला उत्तर काय, तर सीटीची वाट न बघता शिरेतून औषध. त्याला हे मिळालं असतं तर मी आज इथली नेहमीची डॉक्टरकीची पदवी, एमडी, करत असते बहुतेक! असं उगाच वाटून गेलं आणि पुढचा प्रश्न चुकला.

गुरुवार

आज ओएमएमचा, म्हणजे हाताने करायच्या उपचारांचा, भाग. हृदयाच्या नसा पाठीच्या कण्यात टी1 ते टी5, अपेंडिक्सचा चॅपमन पॉइंट, म्हणजे त्या अवयवाच्या दुखण्याची खूण मानलेली जागा, उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकाशी, डाऊन सिंड्रोम असेल तर मानेला झटका द्यायचा नाही कारण वरचे दोन मणके सैल असू शकतात. हे पाठ आहे. पण खरं सांगायचं तर ईआरमध्ये रात्री दोन वाजता अपेंडिक्ससाठी बरगडीचं टोक दाबून बघणारा मला अजून भेटला नाही, अल्ट्रासाऊंड किंवा सीटीच होतो. न्यूमोनियाच्या पेशंटला रिब रेझिंग, म्हणजे हाताने बरगड्या उचलणं, केलेलं मात्र पाहिलंय आणि त्याला बरं वाटलं, ते मी खोटं म्हणणार नाही.

विषाच्या धड्यात विंचू निघाला. अॅरिझोनाचा, लहान मूल, डोळे गरगर फिरतायत, हातपाय झटकतंय, उत्तर अँटिव्हेनम. माझं आजोळ माणगावचं, तिथला लाल विंचू वेगळाच, तो हृदयावर जातो आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यासाठी प्राझोसिन वापरलं, रक्तदाबाची गोळी, आणि माणसं वाचवली. संध्याकाळी आजीला फोनवर विचारलं तर म्हणते, "अगो, बावस्कर डॉक्टर कोणाला माहीत नाहीत? ते राहू दे, तू जेवलीस का?" माझ्या प्रश्नसंचात प्राझोसिन पर्यायातही नाही, आणि तसं बरोबरच आहे, इथला विंचू नसांवर जातो. पण मिशिगनमध्ये बसून कोकणातल्या विंचवाचं वाचत अर्धा तास गेला, जो खरं तर टॉक्सिड्रोमना, म्हणजे विषांच्या लक्षणांच्या गटांना, द्यायला हवा होता.

अँटिकोलिनर्जिकमध्ये, म्हणजे धोतऱ्यासारख्या विषात, कातडी कोरडी, सिम्पथोमिमेटिकमध्ये, म्हणजे कोकेनसारख्यात, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या दोन्हीत मोठ्या. एवढं पक्कं झालंय. सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनची विषबाधा, आणि मेथॅनॉल राहिलंय, उद्या सकाळी गाडीत बसायच्या आधी होईल असं वाटत नाही, बघू.